शेवटच्या नळीतली साखर

कल्याण (पश्चिम),
वैशाखातली एक पहाट

चि. सोनूस,

तुझा निरोप आजोबांनी काल मला मोठ्याने वाचून दाखवला. साखर म्हणजे पांढरं विष, आजपासून चहात एक दाणाही नको, असं तू त्यांना बजावलंस ते जीव तुटतो म्हणूनच, हे न कळायला मी काही परकी नाही. आणि दिवाळीपासून त्यांची साखर वरखाली होते आहे, तेव्हा तुझं सांगणं खोटंही नाही. त्यांनी निरोप वाचला, चष्मा काढून ठेवला आणि लहान मुलाने काढा प्यावा तसं तोंड करून तो बिनसाखरेचा चहा संपवला. मी काही बोलले नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात येत राहिलं, की जिची येत्या सोमवारपासून रक्तपेढीत ड्यूटी लागते आहे, त्या पोरीने साखरेचा निकाल असा एका ओळीत लावून मोकळं व्हावं का? म्हणून हे पत्र. मोबाइलवर लिहिता आलं असतं, पण तिथे दोन ओळींपलीकडे मला लिहवत नाही आणि तुला वाचवत नाही.

आत्ता पावणेपाच झालेत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी डोळा चारला उघडतोच. तेव्हा परळला रक्तपेढीत आठच्या आत पोचायचं, त्याआधी पाणी भरायचं, डबे करायचे, तुझ्या बाबाला शेजारच्या काकूंकडे सोडायचं, म्हणून उठावंच लागायचं. आणि पुढे पुढे ती वेळ मला इतकी आवडायला लागली, की आता गाडी धरायची नसली तरी मी तिच्यासाठी उठते. वारा इकडचा असला की स्टेशनातली घोषणा ऐकू येते. काळ्या तलावावर फिरायला जाणाऱ्यांच्या चपला वाजायला अजून अर्धा तास आहे. पलंगाखाली पेंढ्यात आंब्यांची आढी घातली आहे, आणि उठल्याबरोबर मी आधी तिथे हात घालून बघते, मग देवापाशी दिवा लावते. आजोबा यावरून मला बोलतात. बोलू देत.

आज चौथा दिवस, अजून आंबे दगडच आहेत. तुला शिकवलं असेलच, पण माझ्या पद्धतीने पुन्हा ऐक. कच्च्या आंब्यात भरलेलं असतं ते पीठ, म्हणजे स्टार्च, म्हणजे साखरेचेच कण एकमेकांच्या हातात हात घालून उभे असलेले. ते असे ओळीने उभे असले की जिभेला गोड लागत नाहीत, कारण जिभेला सुटा कण लागतो. फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतं, त्या वायूने आतली विकरं जागी होतात आणि ते हात एकेक करून सोडवत बसतात. पेंढा काय करतो, तर तो वायू आणि थोडी ऊब धरून ठेवतो, बाकी काही नाही. बाजारात घाई झालेले लोक कार्बाइडची पुडी ठेवून एका रात्रीत साल पिवळी करतात. कायद्याने त्यावर बंदी आहे ती असू दे, पण तसला आंबा कापून बघ, रंग सोन्याचा आणि चव मात्र अर्धवट, कारण साल रंगली तरी आतले हात सुटायला लागणारा वेळ त्याला मिळालेलाच नसतो. हाच प्रकार तुझ्या तोंडातही होतो. पोळीचा कोरडा घास गिळायची घाई न करता चावत राहिलीस तर मिनिटभरात गोडसर लागायला लागतो. लाळेतलं विकर त्या पिठाचे हात सोडवायला लागलेलं असतं. पण तू उभ्या उभ्या, पाठीला सॅक लावून खातेस, तुला कुठली ती चव कळणार.

आणि आता हा कागद बघ. हाही साखरच. कागदातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच कणांची लांबलचक रांग, फक्त प्रत्येक कणाने शेजाऱ्याचा हात जरा उलटा धरलेला. तेवढ्या एका फरकाने पिठाची भाकरी होते आणि सेल्युलोजचं लाकूड, कापूस, माझी ही सुती साडी होते. आपल्या पोटाकडे तो उलटा हात सोडवायचं विकर नाही, म्हैस मात्र पोटातल्या सूक्ष्म जिवांकडून ते काम करून घेते आणि आपल्याला दूध देते. कोलंबी सोलताना तू नाक मुरडायचीस, ते कवचसुद्धा साखरेच्याच एका चुलत बहिणीचं, कायटिनचं. आणि ज्या डीएनएच्या आकृत्या काढून काढून तुझ्या वह्या भरल्या आहेत, त्या शिडीच्या दोन्ही दांड्यांत एकाआड एक साखर बसलेली आहे, नावातला ‘डी’ तिचाच. तेव्हा विष कशाकशाला म्हणायचं ते जरा जपून ठरव.

आता काटकसरीचं. तू हसशील, पण मला शरीराचं हे खातं फार आवडतं. माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त, आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती, तर साडेचार-पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! एवढ्या एका चमच्यावर सगळा संसार चालू असतो, आणि तो चमचा सांडूही नये, सरूही नये, यासाठी यकृत आणि स्वादुपिंड रात्रंदिवस जागत बसतात. एकटा मेंदूच दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज मागतो, तू झोपलेली असलीस तरी. मग रात्री ते येतं कुठून? यकृताने जेवणानंतर शंभरेक ग्रॅम साखर ग्लायकोजेन करून बाजूला टाकलेली असते, आमच्या आईच्या फडताळातल्या डब्यासारखी. रेशनवर माणशी मोजून साखर मिळायची त्या दिवसांत आई ती आली की आधी त्यातली दोन वाट्या पाहुण्यांसाठी वेगळ्या डब्यात घालायची, आणि तो डबा कुठे आहे हे आम्हा भावंडांना माहीत असूनही आम्ही हात लावत नसू. (एकदा लावला होता. मुंग्यांनी चहाडी केली.) स्नायूंकडे याच्या चौपट साठा असतो, पण स्नायू पक्के कंजूष, स्वतःपुरती वापरतात, रक्ताला परत एक दाणा देत नाहीत. रात्रभर घर चालवतं ते यकृतच, आणि पहाटेपर्यंत त्याचा डबा पुष्कळसा रिकामा होत येतो. म्हणून सकाळी काहीतरी खाऊन जात जा गं. ‘साखर सोडली’ म्हणत उपाशीपोटी धावत सुटतेस, मग आडवाटेने चरबी आणि स्नायू मोडून घर चालवायला लागतं.

साखर नुसती खायची वस्तू नाही, ती दुसऱ्याला हात धरून आतही नेते, हे मला २६ जुलै २००५च्या पुराने पुन्हा शिकवलं. उल्हास आणि वालधुनीचं पाणी उतरलं, घराघरांत गाळ उरला, आणि आठवड्याभरात आमच्या गल्लीत जुलाब सुरू झाले. मी आणि पलीकडच्या वहिनी भांडं घेऊन दारोदार फिरलो: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. लोकांना वाटायचं, साखर चवीसाठी आहे. चवीसाठी नव्हे. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक दार आहे, ते ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम अशी जोडी आली की उघडतं, आणि जोडी आत शिरली की तिच्या मागून पाणी येतं. नुसतं मीठ घाला, पाणी आत जात नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावला याच मीठ-साखरेच्या पाण्याची पिंपं भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. किती माणसं त्यावर जगली असतील! आणि साखर चमच्यावर शीग लावून घालायची नाही हेही त्यातलंच, फार झाली तर उलट पाणी बाहेर ओढते. आमच्या गल्लीत एका सासूबाईंनी सुनेच्या मायेने मूठभर घातली होती, त्यांना मी पुन्हा करायला लावलं.

पण तुला मुद्दाम सांगायची आहे ती साखर वेगळी. ती गोड लागत नाही, ग्लुकोमीटरला दिसत नाही, आणि तुझी सगळी नोकरी तिच्यावर उभी राहणार आहे.

तू पहिल्याच दिवशी काचेच्या नळीत निळं अँटी-ए आणि पिवळं अँटी-बी घालशील, त्यात रुग्णाच्या पेशी सोडशील आणि गोळे झाले की नाही ते बघशील. ए, बी, एबी, ओ. शाळेतल्या पोरांनाही येतं. पण ते गोळे होतात कशाशी, हे फार थोडे विचारतात. तांबड्या पेशीच्या अंगावर साखरेच्या छोट्या छोट्या फांद्या असतात, एकेका पेशीवर लाखोंनी. त्या फांदीच्या टोकाला आपलं शरीर फ्यूकोज नावाची एक साखर जोडतं. ही पहिल्यांदा समुद्रातल्या शेवाळात सापडली म्हणून तिचं ते नाव. हिला मी खुंटी म्हणते, तुमच्या पुस्तकात एच म्हणतात. ए गटाच्या माणसात या खुंटीशेजारी एक साखर टांगली जाते, बी गटात तिच्यापेक्षा किंचितच वेगळी दुसरी, एबीत दोन्ही, आणि ओ गटात काहीच टांगत नाहीत, नुसती खुंटी राहते. म्हणजे माणसा-माणसांतला जो फरक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँडस्टायनरांना दिसला आणि ज्याच्यामुळे रक्त देणं-घेणं शक्य झालं, तो फरक चिमूटभर साखरेचा. हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं, आणि घरी येताना गाडीत उभ्या उभ्या मी सगळ्या बायकांकडे बघत होते, ही कुठली साखर, ती कुठली साखर.

आता मुंबईची गोष्ट. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना तीन माणसं अशी सापडली, की त्यांच्या पेशी अँटी-एला गोळा होत नाहीत, अँटी-बीला नाहीत, आणि खुंटी ओळखणाऱ्या अँटी-एचलाही नाहीत. वरवर ओ, पण ओ नव्हेत. त्यांना खुंटीच नव्हती! आणि खुंटी नसल्यामुळे त्यांच्या शरीराला दुसऱ्याची खुंटी परकी वाटायची. ओ गटाचं रक्त, जे आपण सगळ्यांना चालतं म्हणून समजतो, ते यांना सर्वांत वाईट, कारण नुसत्या खुंट्या सर्वांत जास्त ओ गटातच. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं, लेखकांत लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधली चार नावं होती, रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स. त्यातल्या विनिफ्रेड वॉटकिन्स या बाई आणि मॉर्गन यांनी त्याच साली काय केलं होतं माहीत आहे? वाम माशाच्या सिरममध्ये अँटी-एच असतं, त्यात त्यांनी साध्या साध्या साखरा एकेक करून घालून पाहिल्या, आणि फ्यूकोज घातल्यावर ते सिरम गपगार झालं, गोळे करेना. खुंटी कशाची आहे ते असं कळलं. तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत या गटाचं नाव बॉम्बे. शहराचं नाव बदललं, पुस्तकातलं राहिलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा, युरोपात दहा लाखांत एखादा.

हा माणूस ओळखायचा कसा, ते आता ऐक, आणि इथे घाई करू नकोस.

पेशी तपासून झाल्या की सिरम तपासायचं. रुग्णाचं सिरम तीन नळ्यांत घ्यायचं, एकीत ए पेशी, दुसरीत बी पेशी, तिसरीत ओ पेशी. पहिल्या दोन नळ्यांत बहुतेक वेळा काहीतरी बघायला असतं. तिसऱ्या नळीत नसतं. आज नाही, उद्या नाही, महिन्याभरात नाही, वर्षात नाही. सेंट्रिफ्यूजमधून काढायची, तळाशी बसलेली लाल टिकली हलकेच टिचकी मारून उठवायची, ती धुरासारखी वर येते आणि सगळं पाणी एकसारखं होतं, मग वहीत उणे चिन्ह करायचं. हजारो वेळा उणे. म्हणून सगळ्यांत आधी वगळतात ती हीच नळी.

मीही वगळली होती.

१९८०च्या आसपासची गोष्ट. तुझा बाबा दोन वर्षांचा होता, सकाळी अंग कोमट होतं त्याचं, आणि तेव्हा फोन कुठला, घरी पोचेपर्यंत काही कळायची सोय नव्हती. संध्याकाळ झाली होती, शेवटचा नमुना आला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असलेल्या एका बाईंचा. सहा अठराची फास्ट मिळाली तर साडेसातला घरी. मी पेशी लावल्या, ओ दिसला. सिरम लावलं, ए आणि बी दोन्हींत चांगले गोळे, म्हणजे ओच. तिसरी नळी स्टँडमध्ये रिकामी होती. ती तशीच ठेवून मी वहीत ‘ओ’ लिहिलं, तिसऱ्या नळीपुढे उणे चिन्ह केलं आणि पदर खोचला. न लावलेल्या नळीपुढे उणे, सोनू. आजवर हे मी तुझ्या आजोबांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी गेलीच. कारण क्रॉसमॅच लावणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी हाक मारली. ओच्या एका बाटलीशी त्या रुग्णाचं सिरम लावलं तर गोळे, दुसरीशी गोळे, तिसरीशी गोळे. बाई ओरडल्या नाहीत, त्या कधीच ओरडत नसत. त्यांनी माझी वही उघडली, त्या चिन्हावर बोट ठेवलं आणि विचारलं, “ही नळी कुठंय?” मी रिकामी नळी दाखवली. त्या म्हणाल्या, “लाव आता.” मी लावली, फिरवली, टिचकी मारली, आणि टिकली धुरासारखी उठली नाही, अख्खीच्या अख्खी सुटून पाण्यात लाल दगडासारखी डोलत राहिली. मग आम्ही अँटी-एच लावलं, ते एका काटेरी विलायती झुडपाच्या बियांतून काढतात. काही झालं नाही. त्या रुग्ण बाईंच्या पेशींवर खुंटीच नव्हती.

त्या रात्री मी घरी गेले नाही. आजोबांना शेजारच्यांनी निरोप दिला. ऑपरेशन थांबवलं. बाईंच्या घरच्यांची चौकशी केली, कारण हा गुण आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय उतरत नाही, आणि उतरला तर सख्ख्या भावंडांत चारांत एकाला असायची आशा असते. तीन भाऊ होते. दोघं मुंबईत, त्यांचं जुळलं नाही. तिसरा रत्नागिरीकडच्या खेड्यात, त्याला तार गेली, तो रात्रीच्या एसटीने निघाला आणि दुसऱ्या दिवशी चिखलाचे पाय घेऊन आमच्या दारात उभा राहिला. त्याची तिसरी नळी मीच लावली. तसाच लाल दगड. आणि त्याच्या पेशी बहिणीच्या सिरमशी लावल्या, तर काय सांगू तुला, दुधात केशर उतरावं तसं सगळं एकजीव, एक कण वेगळा नाही. घरी पोचले तेव्हा तुझा बाबा ताप उतरून खेळत होता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ती नळी कधी चुकवली नाही, आणि त्या सगळ्या वर्षांत ती आणखी दोनदाच ‘बोलली’. त्यातल्या एका वेळी तर रक्त द्यायचा प्रश्नच नव्हता. एक तरुण जोडपं आलं होतं, दोघांचेही गट कागदावर ओ, आणि बाळाचा आला बी. सासरच्या माणसांनी त्या मुलीकडे कसं बघायला सुरुवात केली असेल ते तुला सांगायला नको. नवरा खाली मान घालून बसला होता. कागद आणि पाठ केलेलं पुस्तक त्या मुलीच्या विरुद्ध होतं. मी दोघांचं रक्त नव्याने लावलं, आणि तिची तिसरी नळी गोळा झाली. म्हणजे बघ, बी गटाची साखर टांगायचं कसब तिला तिच्या आई-बापाकडून मिळालेलं होतं, पण टांगणार कुठे, खुंटीच नाही. म्हणून वरून ती ओ दिसायची. बाळाला तिच्याकडून ते कसब मिळालं, नवऱ्याकडून खुंटी, आणि बाळ झालं बी. नमुना के.ई.एम.च्या आवारातल्या, रक्तावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे पाठवून तिथून लेखी घेतलं, कारण माझ्या तोंडी सांगण्यावर त्या सासरच्यांचा विश्वास बसणार नव्हता. ती मुलगी जाताना मला काही बोलली नाही, नुसता हात दाबून गेली.

म्हणून गं, पोरी, टिचकी हलकी मार. जोरात हलवलंस तर नाजूक गोळे मोडतात आणि नसलेलं एकजीव दिसतं. आणि दिवसाला साठ नमुने असले तरी साठाव्याला पहिल्याइतकाच वेळ दे, हे तुला शिकवावं लागणार नाही, तू मुळात तशीच आहेस. लहानपणी रांगोळीचा एक ठिपका चुकला तर सगळी पुसून पुन्हा काढायचीस. मला धास्ती आहे ती तुमच्या त्या घाईच्या जगाची.

अजून एक गंमत राहिली. आमच्या वेळी रक्त काचेच्या बाटलीत घेत, ते एकवीस दिवस टिके. तुझ्या हातात येणारी पिशवी पस्तीस दिवस टिकते. त्या पिशवीत आधीच थोडं पाणी असतं, त्यावर नाव वाच: सीपीडीए. त्यातला ‘डी’ म्हणजे डेक्स्ट्रोज, आपलं ग्लुकोजच. तांबड्या पेशीला दुसरं काही खाताच येत नाही, तिचं सगळं पोट ग्लुकोजवर. म्हणून १९१६ साली राउस आणि टर्नर यांनी बाटलीत सायट्रेटबरोबर साखर घातली, आणि रक्त साठवता येतं हे जगाला कळलं. परक्याच्या घरी निघालेल्या त्या पेशींना दिलेली ती शिदोरी.

आता आजोबांचं. त्यांचा चहा बिनसाखरेचाच राहू दे, त्यात तुझंच बरोबर आहे, आणि मी लाडाने अर्धा चमचा घालायचे तेही बंद केलं. पण बोटाला टोचून आलेला एकेक आकडा बघून त्यांना रागावू नकोस. त्यांची एचबीए१सी करून घेतली आहे. तांबडी पेशी चार महिने जगते आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटत जाते, जेवढी रक्तात जास्त तेवढी जास्त. त्यामुळे तो आकडा म्हणजे दोन-तीन महिन्यांची वही, एका दिवसाच्या श्रीखंडाने त्यात फार फरक पडत नाही आणि एका दिवसाच्या उपासानेही नाही. आणि हो, त्यांच्या शर्टाच्या खिशात मी लिमलेटच्या दोन गोळ्या घालून ठेवते. औषधाने साखर कधी एकदम खाली गेली, घाम सुटला, हात कापायला लागले, तर तुझं ते पांढरं विष तिथल्या तिथे तोंडात टाकायचं, असं त्यांना पढवून ठेवलं आहे. ते त्या गोळ्या मधूनच खाऊन टाकतात. मी मोजते.

उजाडलं. दूध आलं, ठेवते आता. बाबा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दोन डझन आंबे देते, पेंढ्यासकट. पेटी पलंगाखाली सरकव, उन्हात नको, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. रंग बघू नकोस, रोज सकाळी देठापाशी नाक लावून वास घे. वरच्या थरातले चार मंगळवारपर्यंत होतील असं हाताला वाटतंय, तळाच्यांना गुरुवार तरी लागेल. खोलीतल्या मुलींना आधी दे.

तुझी,
आजी